पाण्याशीं झुंजलेलें चांदीचें गांव

मध्य युरोपांत, डॅन्यूब नदीच्या उत्तरेस, स्लोव्हाकिया नांवाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याच्या मध्यभागीं, एकमेकांपासून फारशीं दूर नसलेलीं अशीं तीन जुनीं खाणगांवें आहेत. त्यांची ओळख तिकडील लोक मोठ्या सुटसुटीत रीतीनें करून देतात : क्रेम्नित्सा सोन्याची, बान्स्का बिस्त्रित्सा तांब्याची आणि बान्स्का श्त्याव्नित्सा चांदीची. यांपैकीं चांदीच्या गांवाची वस्ती आज दहा हजारांच्या आसपास आहे. परंतु इ. स. १७८२ मध्यें त्या वेळच्या विस्तीर्ण हंगेरियन राज्यांत लोकसंख्येच्या दृष्टीनें या गांवाचा तिसरा क्रमांक लागत असे, आणि सभोंवारच्या खाणवस्त्या धरल्या तर तेथें सुमारें चाळीस हजार माणसें नांदत होतीं. एवढें वैभव या आडरानांत कोठून आलें, तें कशाच्या बळावर टिकलें आणि तें ओसरल्यावर मागें काय राहिलें, हे तीन प्रश्न हा आंकडा वाचतांच मनांत उभे राहतात. नवल असें कीं, त्यांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे चांदीपेक्षां पाण्याचाच उल्लेख अधिक वेळां करावा लागतो.

प्रथम नांवाविषयीं. ‘बान्स्का’ म्हणजे खाणींची, आणि ‘श्त्याव्नित्सा’ हें नांव आंबूस चवीच्या पाण्याच्या ओढ्यावरून पडलें असें मानतात. खनिजांनीं भरलेल्या डोंगरांतून वाहणाऱ्या ओढ्यास तशी चव असणें स्वाभाविक आहे. जर्मन लोक या गांवास शेम्नित्स म्हणत आणि हंगेरियन लोक शेल्मेत्सबान्या. एकाच गांवास तीन भाषांतील तीन नांवें असण्यांत त्याचा निम्मा इतिहास सांठविलेला आहे. खाणींत उतरणारे कुशल कारागीर बहुशः जर्मन, राजसत्ता हंगेरीची, आणि सभोंवारचा मुलूख स्लोव्हाक शेतकरी व धनगर यांचा, असा तो मेळ होता.

या मुलखाचें भूवर्णन समजून घेण्यासाठीं काळाची फार मोठी उडी मारावी लागते. साधारणतः दीड कोटी वर्षांपूर्वीं या ठिकाणीं एक प्रचंड ज्वालामुखी धगधगत होता. मध्य युरोपांतील सर्वांत मोठ्या ज्वालामुखींमध्यें त्याची गणना होते. पोटांतील रस ओकून झाल्यावर त्याचा माथा आंत खचला आणि कित्येक कोस रुंदीची एक भली मोठी कढई तयार झाली. खचतांना खडकाला खोल भेगा पडल्या. त्या भेगांतून पृथ्वीच्या पोटांतील ऊन पाणी वर चढूं लागलें. त्या पाण्यांत चांदी, सोनें, शिसें, जस्त, तांबें इत्यादि धातु विरघळलेले होते. पाणी जसजसें निवत गेलें, तसतसे हे धातु गारगोटीच्या दगडासह भेगांच्या भिंतींवर बसत गेले आणि शेवटीं भेगा बुजून त्यांच्या शिरा बनल्या. म्हणजे या डोंगरांत चांदी आणून ठेवली ती पाण्यानेंच. पुढें त्या चांदीवर पहारा करावयासहि पाणीच बसलें. गांवाचा पुढील सारा इतिहास म्हणजे या पहारेकऱ्याशीं माणसानें केलेली झुंज होय.

आज या कढईचे कांठ झिजून गेले आहेत आणि तेथें दाट अरण्यानें झांकलेल्या डोंगरांच्या ओळी दिसतात. त्यांतील सर्वांत उंच शिखर सित्नो हें १००९ मीटर उंच आहे. त्याच्या पोटांत शूर योद्धे निद्रिस्त असून देशावर संकट आलें म्हणजे ते जागे होतील, अशी तिकडे समजूत आहे. गांव डोंगरउतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. तेथें सपाट जागा जवळजवळ नाहींच. गल्ल्या चढत्या-उतरत्या, आणि घरांच्या ओळी एकीवर एक रचल्यासारख्या आहेत. शहाण्या माणसानें नगर वसविण्यासाठीं अशी जागा कधींहि निवडली नसती. पण हें गांव माणसांनीं निवडलेल्या जागीं वसलेलें नाहीं. धातूच्या शिरा जेथें जमिनीवर डोकावल्या तेथें तें वसलें. या जागेचा आणखी एक दोष ध्यानांत ठेविला पाहिजे. तेथें मोठी नदी नाहीं. ह्रोन ही त्या भागांतील मुख्य नदी डोंगर उतरून बरेंच दूर गेल्यावर लागते; गांवाजवळ आहेत ते केवळ ओहोळ.

गांवाच्या जन्माची कथा तेथील लोक मोठ्या आवडीनें सांगतात. एका धनगरास रानांत दोन सरडे दिसले. एकाच्या अंगावर सोन्याचा कण चमकत होता व दुसऱ्याच्या अंगावर चांदीचा. ते एका शिळेखालीं शिरले. धनगरानें शिळा हलविली तों खालीं धातूची शीर लखलखत असलेली त्यास दिसली. ही कथा कल्पित असली तरी धातु प्रथम जमिनीच्या अगदीं पृष्ठभागींच सांपडला असावा, एवढें सत्य तिच्यांत आहे. या भागाचा ‘खाणवाल्यांची भूमि’ असा उल्लेख बाराव्या शतकांतच आढळतो. तेराव्या शतकांत वस्तीला नगराचे अधिकार मिळाले. इ. स. १२४१ मध्यें मोंगल टोळ्यांनीं हंगेरीची धूळधाण केली, तेव्हां उजाड मुलूख पुन्हां वसविण्यासाठीं राजानें जर्मन वसाहतकऱ्यांस उत्तेजन दिलें. खाणकामाच्या कलेंत ते निष्णात होते. शीर कोणाच्या मालकीची, एकाचें भुयार दुसऱ्याच्या हद्दींत शिरल्यास काय करावयाचें, अशा प्रश्नांविषयीं या गांवानें घालून दिलेले नियम पुढें इतर खाणगांवांनींहि स्वीकारले.

चांदीच्या बळावर हें गांव श्रीमंत झालें आणि श्रीमंतीबरोबर भयहि आलें. इ. स. १५२६ मध्यें मोहाचच्या रणांगणावर तुर्कांनीं हंगेरीच्या राजाचा पराभव केला. त्यांत राजाहि मारला गेला. पंधरा वर्षांनीं राजधानी बुडा तुर्कांच्या हातीं पडली. आतां शत्रु खाणींपासून कांहीं मजलांवर येऊन ठेपला होता आणि खाणींची चांदी हाब्सबुर्ग घराण्याच्या खजिन्याचा मोठा आधार होती. तेव्हां नागरिकांनीं एक विलक्षण गोष्ट केली. गांवांत मेरीमातेचें एक जुनें, भव्य देवालय होतें. इ. स. १५४६ पासून पुढील तेरा वर्षांत त्यांनीं त्याचाच किल्ला बनविला. भोंवतीं तट व बुरूज उठविले. तेवढ्यानेंहि समाधान न होऊन समोरच्या टेंकडीवर इ. स. १५६४ ते १५७१ या काळांत चार बुरुजांची पांढरी शुभ्र टेहळणीची गढी उभारली गेली. तुर्क या गांवांत कधींहि शिरूं शकले नाहींत. जुना किल्ला व नवा किल्ला या नांवांनीं त्या दोन्ही वास्तु आजहि उभ्या आहेत.

याच गांवांत इ. स. १६८१ मध्यें बांधलेला एक लहानसा मनोरा आहे. त्यास ‘क्लोपाच्का’ म्हणतात. त्यांत घंटा नव्हती. लांकडाची एक फळी टांगलेली असे आणि पहांटे तिच्यावर हातोड्या आपटून खाणकामगारांस जागें केलें जाई. गांवाचा दिवस सूर्योदयानें नव्हे, तर या ठकठकीनें सुरू होई. कामगार मृत्यु पावला म्हणजे त्याच्या अंत्ययात्रेसहि तीच फळी वाजविली जात असे.

खाणींतील काम त्या काळीं किती कष्टाचें होतें, याची आज कल्पना येणें कठीण आहे. हातांत छिन्नी आणि हातोडी घेऊन माणूस खडक फोडीत असे; कठीण खडकाशीं लांकडें पेटवून तो तापवावयाचा आणि मग तडकल्यावर फोडावयाचा, अशीहि एक रीत होती. भुयारांत धूर कोंडे आणि कित्येक दिवसांच्या श्रमानें भुयार कांहीं वितीच पुढें सरके. या स्थितींत इ. स. १६२७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ८ तारखेस कास्पार वाइंड्ल नांवाच्या टिरोलकडील एका खाणतज्ज्ञानें येथील एका भुयारांत खडकाला भोंक पाडून त्यांत बंदुकीची दारू ठासली आणि ती पेटविली. रणांगणावर माणसें मारण्यासाठीं वापरली जाणारी दारू खाणीच्या कामीं लावल्याच्या जगांतील जुन्या नोंदींमध्यें ही नोंद फार प्रसिद्ध आहे. त्या दिवसापासून सुरुंगानें खडक फोडण्याची विद्या येथून हळूहळू इतर खाणींत पसरली.

परंतु सुरुंगानें एक अडचण सोडविली आणि दुसरी वाढविली. खाण जितकी वेगानें खोल जाऊं लागली तितक्या वेगानें तिच्यांत पाणी भरूं लागलें. विहीर खणतांना ठराविक खोलीवर पाणी लागतें, हें कोणासहि ठाऊक आहे. विहिरींत तें हवेंच असतें. खाणींत मात्र तें नको असतें आणि उपसलें नाहीं तर चांदीची शीर पाण्याखालीं बुडून जाते. उथळ खाणींतून डोंगराच्या पायथ्याकडे उतरतें भुयार खणून पाणी आपोआप बाहेर घालवितां येई. पण खाण दरीच्या तळाच्याहि खालीं गेली म्हणजे तो उपाय खुंटे. मग चामड्याच्या पखाली आणि पंप यांनीं पाणी वर ओढावें लागे आणि तें ओढण्यासाठीं घोडे जुंपावे लागत. घोड्यांना चारा लागे, चाऱ्याला पैसा लागे, आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभीं हा खर्च इतका वाढला कीं, खाणींत चांदी शिल्लक असूनहि त्या सोडून द्याव्या कीं काय, असा विचार गंभीरपणें चालूं झाला. हजारों कुटुंबांची चूल या निर्णयावर अवलंबून होती.

याच सुमारास इंग्लंडांत न्यूकमेन यानें वाफेच्या बळावर पाणी उपसणारें यंत्र तयार केलें होतें. आयझॅक पॉटर नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें तसें एक यंत्र इ. स. १७२२ मध्यें श्त्याव्नित्सेजवळच्या नोवा बान्या या खाणगांवीं उभारलें. युरोपच्या मुख्य भूमीवर चाललेलें हें पहिलें वाफेचें यंत्र. पुढें श्त्याव्नित्सेच्या खाणींवरहि अशीं यंत्रें बसविण्यांत आलीं. परंतु इंग्लंडांत खाणीच्या तोंडाशीं दगडी कोळसा होता, येथें तो नव्हता. जाळावयाचें तें लांकूड. आणि लांकूड तर धातु वितळविणाऱ्या भट्ट्यांना लागे, भुयारांस टेकू देण्यास लागे आणि घरांच्या चुलींनाहि लागे. यंत्र चालवावें तर अरण्य संपावें, आणि अरण्य संपलें म्हणजे खाणहि बंद पडावी, असा तो पेंच होता.

या पेंचांतून वाट काढली ती मुख्यतः तिघां जणांनीं : यंत्रांचा जाणता मातेय कोर्नेल हेल, त्याचा पुत्र योझेफ कारोल हेल, आणि नकाशे, गणित व स्थापत्य या तिन्हींत पारंगत असलेला सामुएल मिकोविनी. त्यांचा विचार थोडक्यांत असा होता. खालच्या पाण्याचा उपसा करावयास बळ हवें. तें बळ वरच्या पाण्यांत आहे. नदी नसली म्हणून काय झालें? पाऊस पडतो, हिवाळ्यांत बर्फ पडतें व वसंतांत तें वितळतें. हें सारें पाणी ओहोळांतून वाहून फुकट जातें. तें डोंगरमाथ्यावरच अडवून ठेवावें, आणि खालीं सोडतांना त्याच्याकडून काम करून घ्यावें.

योजना सांगावयास सोपी होती, पण अंमलांत आणावयास फारच अवघड. प्रत्येक डोंगराच्या अंगावरून, उंची न सोडतां, वळणें घेत जाणारे अरुंद पाट खणावे लागले. उतार अधिक झाला तर पाणी माती वाहून नेई, कमी झाला तर तें तुंबे. मध्यें डोंगराची सोंड आडवी आली तेथें पाटाला भुयारांतून न्यावें लागलें. पाटांनीं आणलेलें पाणी सांठविण्यासाठीं दऱ्यांच्या तोंडाशीं माती ठोकून बांध घातले गेले. अशा रीतीनें मुख्यतः अठराव्या शतकांत या डोंगरांत सुमारें साठ तलाव निर्माण झाले, आणि पाट व चर यांची एकंदर लांबी शंभर किलोमीटरांच्या वर गेली. तलावास जर्मन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून तेथील लोक या तळ्यांना ‘ताय्ख’ म्हणूं लागले, आणि तेंच नांव अद्यापि चालू आहे. मिकोविनीनें इ. स. १७४४ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या रोझग्रुंड तलावाचा बांध जवळजवळ ३० मीटर उंच असून त्याचा उतार इतका उभा आहे कीं, त्या काळीं तें एक धाडसच मानलें गेलें. या तलावानें पुढें गांवास पिण्याचें पाणी पुरविलें.

तलावांतील पाण्याचा एक थेंबहि एकाच कामावर खर्च होत नसे. वरच्या तलावांतून सुटलेलें पाणी प्रथम एका खाणीचें चक्र फिरवी. तेथून निघून तें खालच्या खाणीच्या चक्रावर पडे. नंतर धातूचे दगड कुटणारीं मुसळें चालवी. आणि इतकें राबल्यावर तें दरीस लागे. पण चक्र कितीहि मोठें केलें तरी अतिखोल खाणीस तें अपुरें पडे. तेव्हां योझेफ कारोल हेल यानें इ. स. १७४९ मध्यें एक नवें यंत्र चालू केलें. उंचावरील पाणी त्यानें चक्रावर न सोडतां एका उभ्या नळांतून खालीं आणलें. नळांत भरलेल्या पाण्याच्या उंच स्तंभाचा सारा भार तळाशीं असलेल्या दट्ट्यावर पडे. दट्ट्या सरके आणि त्यास जोडलेला पंप खाणीचें पाणी वर ढकली. वाफेच्या यंत्रांत जें काम वाफ करते तें येथें पाण्याच्या वजनाकडून घेतलेलें होतें. अग्नि नको, लांकूड नको, धूर नको; हवी फक्त उंची आणि वरचा तलाव भरलेला. योगायोगानें तेथील डोंगरानें ही उंची फुकट दिलेली होती. गांव वसविण्यास जी जागा अवघड ठरली होती, तीच आतां उपयोगी पडली.

चार वर्षांनीं हेल यानें दुसरी युक्ति केली. बंद पात्रांत पाणी सोडून त्यानें आंतील हवा दाबली आणि त्या दाबलेल्या हवेनें खोल खाणीचें पाणी वर चढविलें. या यंत्राची तोटी उघडली म्हणजे दाबलेली हवा जोरानें बाहेर येई आणि तिच्यांतील ओल गोठून बर्फ बने. पाहुणे हा चमत्कार पाहून थक्क होत. हवा एकाएकीं पसरली म्हणजे थंड होते, हा नियम त्या काळीं स्पष्ट झालेला नव्हता. पुढें चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनीं इ. स. १७८८ मध्यें या विषयावर लिहितांना श्त्याव्नित्सेच्या यंत्राचा दाखला घेतला आणि उंच डोंगरांवर बर्फ कां असतें, याचा संबंध त्याच्याशीं जोडला. खाण चालू राहावी म्हणून केलेल्या खटपटींतून निसर्गाचा एक नियम असा डोकावला.

पण अशीं यंत्रें बांधावयाचीं, सांभाळावयाचीं व सुधारावयाचीं तर केवळ परंपरागत कसब पुरेसें नव्हतें. बाप मुलास सांगे त्या ज्ञानाचा पल्ला संपला होता. गणित, रसायन, पदार्थविज्ञान शिकलेलीं माणसें हवीं होतीं. इ. स. १७३५ मध्यें येथें खाणकामाची शाळा निघाली. मिकोविनी हाच तेथील शिक्षक होता. इ. स. १७६२ मध्यें, म्हणजे पानिपतचें युद्ध होऊन अद्याप दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं अशा वेळीं, सम्राज्ञी मारिया थेरेझा हिच्या दरबारांत उच्च शिक्षणाची योजना मंजूर झाली आणि इ. स. १७७० पर्यंत तिचें रूपांतर खाणविद्येच्या पूर्ण अकादमींत झालें. रसायन व धातुविद्या यांच्या अध्यापनासाठीं निकोलाउस योझेफ जाकॅं या विद्वानास नेमण्यांत आलें. वनस्पतींच्या शोधार्थ तो वेस्ट इंडीजपर्यंत जाऊन आला होता.

या अकादमीची खरी थोरवी तिच्या शिक्षणपद्धतींत होती. त्या काळीं बहुतेक विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकविणें म्हणजे अध्यापकानें बोलावें, फार तर एखादा प्रयोग करून दाखवावा आणि विद्यार्थ्यांनीं ऐकावें, एवढेंच होतें. श्त्याव्नित्सेंत विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें धातुदगड भाजावा, द्रावण करावें, वजन करावें आणि चांदी किती निघाली तें मोजावें, अशी रीत होती. खाणीशीं ज्यांचें पोट बांधलें आहे, त्यांना ऐकीव ज्ञानावर समाधान मानून चालणार नव्हतें. इ. स. १७९४ मध्यें पॅरिस येथें जी सुप्रसिद्ध तांत्रिक विद्याशाळा स्थापन झाली, तिच्या योजनेचा पुरस्कार करतांना रसायनज्ञ फुर्क्रुआ यानें हातानें प्रयोग करण्याच्या पद्धतीसाठीं श्त्याव्नित्सेचें उदाहरण पुढें ठेविलें.

येथील विद्येचा प्रसार किती दूरवर झाला, हें एका प्रसंगावरून दिसून येतें. इग्नाट्स फॉन बोर्न यानें पाऱ्याच्या साहाय्यानें चांदी वेगळी काढण्याची सुधारलेली रीत बसविली आणि ती पाहावयास इ. स. १७८६ मध्यें जवळच्या स्क्लेने तेप्लित्से या गांवीं युरोपांतील नाना देशांचे खाणतज्ज्ञ जमले. तेथेंच खाणविद्येच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाची स्थापना झाली. त्या काळीं युद्धाच्या व राजकारणाच्या गुप्त मसलतींइतकीच खाणींची गुपितेंहि प्रत्येक राजा जपून ठेवी. तीं उघडपणें एकमेकांस सांगावीं, हा विचारच नवा होता. या मेळाव्यांत आलेला स्पॅनिश विद्वान फाउस्तो एल्हुयार पुढें मेक्सिकोच्या खाणींचा प्रमुख झाला. श्त्याव्नित्सेंत शिकलेला आंद्रेस मानुएल देल रिओ यानेंहि मेक्सिकोंतच अध्यापन केलें आणि व्हॅनेडियम या मूलद्रव्याचा प्रथम शोध लावला. टेल्युरियमचा शोध लावणारा म्यूलर फॉन रायखेनश्टाइन हाहि येथीलच विद्यार्थी. खाणींच्या या वातावरणांतूनच माक्सिमिलियान हेल हा ज्योतिषीहि पुढें आला. यंत्रज्ञ योझेफ कारोल याचा तो बंधु. इ. स. १७६९ मध्यें शुक्राचें सूर्यबिंबावरून होणारें अधिक्रमण पाहण्यासाठीं तो नॉर्वेच्या उत्तर टोंकास वार्दो बेटावर गेला होता. बाप व एक मुलगा पाताळांतील पाण्याचा हिशेब करीत आणि दुसरा मुलगा आकाशांतील ग्रहांचा, असें हें कुटुंब होतें.

श्त्याव्नित्सेंत केवळ खाणविद्याच नांदत होती असें नाहीं. हंगेरीचा राष्ट्रकवि शांदोर पेटोफी हा लहानपणीं येथील विद्यालयांत इ. स. १८३८-३९ या वर्षीं शिकला. स्लोव्हाक कवि आंद्रेय स्लादकोविच हाहि येथेंच शिकला व पोट भरण्यासाठीं शिकवण्या करूं लागला. त्यांत मारीना नांवाच्या तरुणीवर त्याचें मन जडलें. आईबापांनीं तिचें लग्न एका सधन माणसाशीं लावून दिलें. इ. स. १८४६ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘मारीना’ हें त्याचें दीर्घ प्रेमकाव्य स्लोव्हाक वाङ्मयाचा अमोल ठेवा मानलें जातें. मारीनाचें घर प्रवासी आजहि पाहावयास जातात.

आतां उतरत्या काळाकडे वळलें पाहिजे. यंत्रांनीं आणि तलावांनीं खाणींचें आयुष्य वाढविलें, पण तें अमर केलें नाहीं. खाणी आणखी खोल गेल्यावर त्यांचें पाणी थेट ह्रोन नदीच्या पातळीवर सोडणारें एक प्रचंड भुयार खणण्याचें ठरलें. सम्राट दुसरा जोसेफ याचें नांव त्यास देण्यांत आलें. इ. स. १७८२ मध्यें, म्हणजे गांव वैभवाच्या शिखरावर असतांना, काम सुरू झालें. अंतर साडेसोळा किलोमीटर. युद्धें आलीं, पैसा आटला, काम थांबलें, पुन्हां चालू झालें, आणि इ. स. १८७८ मध्यें, शहाण्णव वर्षांनीं, तें संपलें. आरंभ करणाऱ्यांचीं नातवंडेंहि तोंपर्यंत म्हातारीं झालीं होतीं. त्या काळच्या जगांतील सर्वांत लांब भुयारांपैकीं तें एक होतें. परंतु ज्या चांदीसाठीं हा खटाटोप केला, तिचेंच मोल आतां उतरूं लागलें होतें. अमेरिकेंतून चांदीचा लोंढा येत होता; युरोपांतील राष्ट्रें चांदीचें नाणें टाकून सोन्याचें नाणें स्वीकारीत होतीं; आणि श्त्याव्नित्सेच्या शिरांतील चांगला धातु बहुतेक संपला होता. पाण्यावर पूर्ण जय मिळाला तो चांदीचा मान उतरल्यावर.

दुसरा आघात विद्येवर झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हंगेरीचें जुनें राज्य मोडलें आणि हा प्रदेश नव्या चेकोस्लोव्हाकियांत आला. अकादमीचे अध्यापक व विद्यार्थी सन १९१८-१९ च्या हिवाळ्यांत हंगेरींतील शोप्रोन या गांवीं निघून गेले. खाणविद्येचा विभाग पुढें मिश्कोल्त्स येथें गेला, वनविद्येचा शोप्रोन येथेंच राहिला. दीड शतकाहून अधिक काळ ज्या गांवाची ओळख विद्यार्थ्यांच्या गजबजाटानें होत असे, तें एकाएकीं मुकें झालें. खाणी कशाबशा चालू राहिल्या, पण इ. स. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत गांवांतील खाणकामहि थांबलें. मनोऱ्यांतील फळीची ठकठक ऐकून कामावर जाणारा कोणी उरला नाहीं.

नवल हें कीं, खाणी बंद होत असतांनाच, इ. स. १९९३ मध्यें, युनेस्कोनें हें जुनें नगर व त्याच्या परिसरांतील यांत्रिक कामगिरीचे अवशेष यांचा जागतिक वारशांत समावेश केला. त्या सन्मानांत किल्ले व देवालयें आहेत, त्याचप्रमाणें तलाव, पाट आणि भुयारेंहि आहेत. जुनी वास्तु जपणें किती नाजूक काम असतें, याचा कटु अनुभवहि गांवाला आला. इ. स. २०२३ च्या मार्च महिन्यांत लागलेल्या आगींत मध्यवस्तींतील अनेक ऐतिहासिक इमारतींचीं छपरें जळून गेलीं, आणि शतकांच्या संचिताला कांहीं तासांत किती मोठी झळ बसूं शकते, हें दिसून आलें.

आज प्रवासी डोक्यावर शिरस्त्राण चढवून आणि हातांत दिवा घेऊन संग्रहालयाच्या भुयारांत उतरतात. प्रतिवर्षीं सप्टेंबरांत ‘सालामांडर’ नांवाचा उत्सव होतो. त्यांत जुन्या खाणवाल्यांच्या वेषांतील लोकांची मिरवणूक वळणें घेत गांवांतून निघते. त्या नागमोडी चालीमुळें आणि धनगराच्या कथेतील सरड्यांमुळें तिला हें नांव पडलें आहे. अकादमीच्या विद्यार्थ्यांनीं पाळलेल्या चालीरीति शोप्रोन आणि मिश्कोल्त्स येथील विद्यार्थीहि अद्याप पाळतात. म्हणजे विद्यापीठ गेलें तरी त्याच्याबरोबर गांवाचें नांव सीमेपलीकडे गेलें आणि तेथें तें जिवंत राहिलें.

साठ तलावांपैकीं वीसांहून अधिक आज शिल्लक आहेत. उन्हाळ्यांत लोक त्यांत पोहतात, मुलें कांठावर खेळतात, आणि आजूबाजूचें अरण्य पाहून अनेकांना तीं नैसर्गिक सरोवरेंच वाटतात. मातीचे बांध गवतानें झांकले गेले आहेत. त्यांवरून चालतांना आपण एका यंत्राच्या भागावरून चालत आहों, याची आठवणहि कोणास होत नाहीं. जोसेफचें भुयार मात्र आपलें काम अजून करीत आहे : रिकाम्या खाणींचें पाणी तें आजहि ह्रोन नदींत नेऊन सोडतें. चांदी नाणीं होऊन जगभर पांगली आणि कोणाच्या हातीं गेली तें कोणी सांगूं शकत नाहीं. तिच्यासाठीं ज्या पाण्याशीं गांव दोन शतकें झगडलें, तेंच पाणी त्याच्या ओंजळींत राहिलें. आणि त्या झगड्यांत जें ज्ञान मिळालें, तें पॅरिसपासून मेक्सिकोपर्यंत पोंचलें.